डचेसची पहिली धाव

मेव्हिस क्ल्यूलो दारात उभी राहिली तेव्हा ह्यूबर्ट टॅन्सली आपल्या मेहुणीच्या स्वयंपाकघरात टोस्ट करपवत होता.

बायको गेल्यापासून तो विनिफ्रेड आस्क्यूकडेच राहत होता. विनिफ्रेड त्याच्या बायकोची थोरली बहीण. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात तिचं उभं आयुष्य गेलं आणि निवृत्त झाल्यावर तेच काम ती खाजगीत करू लागली. मोटारीच्या अपघातातलं खरंखोटं ओळखावं तर तिनंच, असं सगळ्या कव्हेंट्रीत म्हणत. गंमत अशी, की तिला स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. ह्यूबर्टचा उपयोग तेवढाच, असं ती त्याला रोज एकदा तरी ऐकवायची.

मेव्हिसनं कोटही काढला नाही. खुर्चीच्या टोकावर बसूनच तिनं सगळं सांगितलं. तिचा नवरा रॉन लँगरिश मोटार कंपनीचा सगळ्यात जुना चाचणी चालक. डॉक्टरांनी आणि बिशपांनी चालवायच्या भारदस्त गाड्या करणारी ही कंपनी. गेली पाच वर्षं तिथं एक वेगळीच गाडी घडत होती. आत अक्रोडाच्या लाकडाची फळी, मऊ कातड्याच्या बैठकी, सगळा थाट जुनाच. पण पळायला लागली की शर्यतीच्या गाड्यांना घाम फुटेल अशी. कारखान्यात तिला सगळे डचेस म्हणत.

शनिवारी जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर डचेसची पहिली धाव होती. सगळे संचालक बघायला आले होते. धावपट्टीच्या टोकाला गाडी थांबलीच नाही. कुंपण तोडून ती बीटच्या शेतात घुसली आणि रॉनचा पाय दोन ठिकाणी मोडला.

"तो म्हणतो ब्रेक लागला नाही," मेव्हिस म्हणाली. "ते म्हणतात ब्रेक ठणठणीत आहे, यानंच उशिरा दाबला. शुक्रवारी बैठक आहे. निष्काळजीपणा म्हणून त्याला काढणार. तो शिक्का एकदा बसला ना, मिस आस्क्यू, की कुणी त्याला दुधाची गाडीसुद्धा चालवायला देणार नाही. आणि त्याला दुसरं काहीच येत नाही हो."

"पितो का तो?" विनिफ्रेडनं सरळ विचारलं.

"चहा. बादलीभर."

विनिफ्रेडनं करपलेल्या टोस्टकडे एक नजर टाकली आणि टोपी उचलली. "चल ह्यूबर्ट. तुझ्या हातचं खाण्यापेक्षा कामाला लागलेलं बरं."

रात्री पाऊस झाला होता. फाटकापाशी ह्यूबर्टनं पहिल्यांदा ब्रेक दाबला तसा चाकांतून खर्रर्र आवाज आला.

"हे रोज सकाळी काय रडतं रे?"

"काही नाही गं. ब्रेकच्या तबकड्या लोखंडाच्या असतात. रात्रभर गाडी ओलीत उभी राहिली की त्या नारिंगी होतात. एकदा ब्रेक मारला की गंज पुसला जातो. ज्याच्याकडे तबकडीचे ब्रेक आहेत त्या प्रत्येकाला ठाऊक असतं हे."

"मला नव्हतं," विनिफ्रेड म्हणाली आणि पुढं इस्पितळापर्यंत चाकांचा आवाज ऐकत राहिली.

रॉन क्ल्यूलोचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता. चेहरा रापलेला, बोलणं मोजकं. आपण होऊन तो स्वतःच्या बाजूनं काहीच बोलेना. विनिफ्रेडला एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घ्यावं लागलं. निघायच्या आधी त्यानं उभ्या गाडीत पेडल दाबून पाहिलं होतं, ते दगडासारखं घट्ट होतं.

"आणि धावपट्टीच्या टोकाला?"

"तेव्हाही घट्टच. तेच तर कळत नाही. तेल गळलं, नळी फुटली, तर पेडल भसकन खाली जातं. इथं पेडल पायाखाली टणक आणि गाडी आपली चाललीच आहे. मी जवळजवळ उभा राहिलो त्याच्यावर."

"शेवटपर्यंत नाही लागला?"

"लागला. अगदी कुंपणाशी आल्यावर. एकदम करकचून."

ह्यूबर्टच्या मनात पाल चुकचुकली. कंपनीचं म्हणणंही तेच होतं. चाकांचे काळे ओरखडे फक्त कुंपणाजवळ उमटले होते, म्हणजे ब्रेक तिथंच दाबला. आता रॉनही स्वतःच्या तोंडानं तेच सांगत होता.

"मध्येच एखादवेळी का नाही दाबून पाहिला? दमानं जाताना?" विनिफ्रेडनं विचारलं.

"पहिल्या धावेत रेषेपासून टोकापर्यंत मध्ये हात आखडायचा नाही. थोरल्या लँगरिशसाहेबांपासूनचा रिवाज आहे." रॉननं पायाकडे पाहिलं. "मी मोडायला हवा होता. ते मात्र माझंच चुकलं."

विनिफ्रेड उठायला लागली तेव्हा तो जरा चाचरत म्हणाला, "अजून एक. डॉक्टर म्हणतात डोक्याला मार बसलाय म्हणून असं वाटतं. पण शेतात गाडी थांबली तेव्हा चर्चचा वास आला मला. लहानपणी प्रार्थनेनंतर मेणबत्त्या विझवायचं काम माझ्याकडे असायचं. अगदी तोच वास."

बाहेर पडताना ह्यूबर्ट हळहळला. "बिचारा. डोक्याला चांगलाच मार बसलाय."

"ह्यूबर्ट," विनिफ्रेड म्हणाली, "तो आत्तापर्यंत आपल्या फायद्याचं एक वाक्य तरी बोलला का? नाही ना? मग असा माणूस उगाच चर्च कशाला मध्ये आणेल?"

कारखान्यात मुख्य अभियंता गेथिन प्राइस त्यांची वाटच पाहत होता. हा वेल्शमन चार रात्री झोपला नसावा. रॉन गेला तर डचेसही जाणार हे त्याला दिसत होतं, कारण ब्रेक न लागणारी गाडी किंवा भरवशाचा नसलेला चालक, यांतलं काहीही खरं ठरलं तरी संचालक घाबरणारच होते. त्यानं गाडी दाखवली. गडद हिरवा रंग, नाक चेपलेलं, पण चाकं शाबूत. तेल भरलेलं, नळ्या धड, कुणी काही कापलं नव्हतं की सैल केलं नव्हतं.

"मी स्वतः अंगणात चालवून पाहिली," प्राइस म्हणाला. "पहिल्याच दाबाला जागच्या जागी उभी. मी रॉनला वीस वर्षं ओळखतो. तो खोटं बोलणार नाही. आणि लोखंडही खोटं बोलत नाही. मग मी करू काय?"

विनिफ्रेड चाकापाशी वाकली. "लँगरिशच्या गाड्यांना चकचकीत झाकणं असतात ना चाकांवर? ताटाएवढी?"

"आजवर होती. हिला नाहीत. या वेगाला ब्रेक भट्टीसारखे तापतात, त्यांना वारा लागायला हवा. म्हणून उघड्या आऱ्यांची चाकं केली. त्यावरून वर्षभर भांडलोय मी इथं."

आऱ्यांमधून तबकडी दिसत होती. पावसात राहिल्यामुळे ती आता नारिंगी पडली होती.

मेकॅनिक हॉब्लीनं शनिवारची सकाळ सांगितली. शुक्रवारी संध्याकाळी त्यानंच डचेसला धुऊन धावपट्टीवरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ठेवलं. सकाळी ताडपत्री काढली. ब्रेकही पाहिले का, असं विनिफ्रेडनं विचारलं.

"तबकड्यांवर नेहमीचा तांबूस थर होता, दमट हवेत यायचाच. पहिल्या ब्रेकला जातो. मग आम्ही सगळे तंबूत चहाला गेलो."

"गाडी एकटी सोडून?"

हॉब्लीला प्रश्न जरा उद्धट वाटला. "एकटी कशी? मालक होते ना. पहिल्या धावेआधी लँगरिश घराण्यातला माणूस गाडीवरून हात फिरवतो. थोरले साहेब फिरवायचे, आता सर ऑब्री. तेव्हा तिथं दुसऱ्या कुणी थांबायचं नसतं. त्यांचं झालं की आम्ही गाडी हातांनी ढकलत रेषेवर नेतो, इंजिन तिथं गेल्यावरच सुरू करायचं. सगळ्यांचे हात लागले पाहिजेत तिला."

तंबूत सगळे होते का? यावर हॉब्ली अडखळला. मग म्हणाला, सिब्लीसाहेब नव्हते. ते शेडच्या मागं गेलेले त्यानं पाहिले होते.

ह्यूबर्टनं विनिफ्रेडला कोपरानं ढोसलं. अर्थसंचालक सिब्ली डचेसचा कट्टर विरोधक आहे, हे प्राइसनं आधीच सांगून ठेवलं होतं.

सिब्ली म्हणजे पिवळट, बारीक माणूस. पुढ्यात दुधाचा पेला, शेजारी खडूसारख्या पांढऱ्या गोळ्यांची बाटली. ही गाडी म्हणजे कंपनीच्या गळ्यातली धोंड आहे असं आपण पहिल्यापासून म्हणतो, हे त्यानं मुळीच लपवलं नाही. शेडच्या मागं का गेला होता, या प्रश्नावर मात्र त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्याची मोटार तिथं उभी होती, तिच्यात बसलो होतो, एवढंच तो म्हणाला. कशासाठी, ते सांगेना.

"झालं की मग," जिना चढताना ह्यूबर्ट कुजबुजला. "कारण आहे, संधी आहे, चेहराही चोराचा आहे."

"चेहरा पोटदुखीचा आहे. त्याला अल्सर आहे. तंबूतला काळाकुट्ट चहा त्याला चालत नाही आणि संचालकांसमोर दूध प्यायची लाज वाटते. म्हणून मोटारीत लपून पीत होता. तू टेबलाकडे बघितलंच नाहीस का?"

ह्यूबर्टनं बघितलं होतं. त्याला वाटलं होतं, माणसाला दूध आवडत असेल.

कंपनीचा अध्यक्ष सर ऑब्री लँगरिश उंच, ताठ आणि अतिशय सभ्य होता. त्यानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला, बिस्किटं पुढं केली. क्ल्यूलोबद्दल आपल्याला वैयक्तिक आकस नाही, पण त्या दिवशी माणसं मेली असती तर वडिलांच्या नावाला काळिमा लागला असता, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मोटारीतलं यंत्र आपल्याला कळत नाही, हेही तो मोकळेपणानं बोलला. वडिलांनी त्याला हिशेबाच्या बाजूला घातलं होतं. गाडीशी त्याचा संबंध यायचा तो फक्त पहिल्या धावेच्या दिवशी.

"तेवढंच एक काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं," तो म्हणाला आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरचा अध्यक्ष मावळला.

भिंतीला काचेचं कपाट होतं. त्यात मधमाशांच्या मेणाचा जुना डबा. थोरल्या लँगरिशनं आपली पहिली गाडी याच मेणानं चमकवली होती. डब्याशेजारी फ्लॅनेलच्या घड्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येक नव्या गाडीसाठी एक कोरी घडी, खाली गाडीचं नाव. जुन्या घड्या मेणानं पिवळसर झाल्या होत्या. शेवटच्या घडीवर मात्र तांबूस पट्टे होते. जुनं कापड असेल, असं ह्यूबर्टला वाटलं.

विनिफ्रेड कपाटापाशी बराच वेळ उभी राहिली. मग तिनं टेबलावरचा फोटो मागून घेतला. धाव सुरू होण्याच्या जरा आधीचा. रेषेवर डचेस, शेजारी सर ऑब्री, मागं लांबवर धावपट्टीच्या टोकाचा पांढरा तंबू. गाडी नखशिखांत झळकत होती. चाकांच्या आऱ्यांआडून तबकड्यासुद्धा चांदीसारख्या लखलखत होत्या.

"तंबू धावपट्टीच्या अगदी समोरच होता?" विनिफ्रेडनं विचारलं.

"हो. गाडी आमच्याकडेच येताना दिसावी म्हणून."

"आणि बीटचं शेत बाजूला." ती एवढंच बोलली. मग तिनं सर ऑब्रीकडे दोन गोष्टी मागितल्या. डब्यातलं थोडं मेण आणि उद्या सकाळी सगळ्यांचा थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यूबर्टला त्याची, पहाटेच कुणीतरी दारातून नेलेली, मोटार कारखान्याच्या अंगणात, उताराच्या माथ्यावर सापडली. तिची चाकं काढून पुन्हा बसवलेली दिसत होती आणि हॉब्ली हात पुसत होता.

"माझ्या गाडीला काय केलंस, विनी?"

"तिचं रडणं थांबवलं. आत बस आणि हँडब्रेकवर हात ठेव. मी सांगेन तेव्हा ओढ. आधी नाही."

उताराच्या पायथ्याशी पांढरी रेघ मारली होती, तिच्या पुढं गवताच्या गठ्ठ्यांची भिंत. प्राइस, सिब्ली, हॉब्ली बाजूला कारखान्याच्या भिंतीला टेकून उभे होते. हॉब्लीच्या बायकोबरोबर आलेली मेव्हिसही होती, अजून कोटातच. विनिफ्रेडनं सर ऑब्रीला चालकाच्या जागी बसायची विनंती केली. माणूस चालतो त्यापेक्षा थोड्या जास्त वेगानं उतरायचं आणि रेघेवर थांबायचं.

"एवढं तर मला जमतं," सर ऑब्री म्हणाला.

गाडी उतरू लागली. रेघेच्या बरंच अलीकडे त्यानं ब्रेक दाबला. ह्यूबर्टनं त्याचा पाय पाहिला, पेडल टणक होतं आणि गाडी थांबायचं नाव घेत नव्हती. सर ऑब्रीनं दात आवळून सगळा भार पायावर दिला. रेघ मागं पडली. ह्यूबर्टचा हात हँडब्रेकवर शिवशिवत होता, विनी मात्र काही बोलेना. मोटार गवताच्या गठ्ठ्यांत नाक खुपसून थांबली.

"ब्रेक लागला नाही," सर ऑब्री धापा टाकत म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

विनिफ्रेडनं प्राइसला खूण केली. प्राइसनं गाडी बाहेर काढली, माथ्यावर नेली, उतारानं सोडली आणि ब्रेकवर पाय रोवून पुन्हा खाली आणली. असं त्यानं चार-पाचदा केलं. दर खेपेला ती थोडी आधी थांबत गेली. शेवटच्या खेपेला रेघेवर जागच्या जागी थांबली आणि चाकांतून बारीकसा धूर निघाला. हॉब्लीनं नाक वर केलं.

"चर्चचा वास," मेव्हिस म्हणाली. ती मटकन गठ्ठ्यावर बसली.

"मेणाचा," विनिफ्रेड म्हणाली. "मधमाशांच्या. सर ऑब्रींनी काल मला दिलं, आज सकाळी हॉब्लींनी तबकड्यांवर चोळलं. असा ब्रेक दाबला तर पेडल टणक लागतं, कारण यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं. फक्त पकडायची जागा गुळगुळीत झालेली असते. तबकडी तापून मेण जळलं की ब्रेक झकास लागतो. म्हणून ओरखडे फक्त कुंपणाशी. म्हणूनच तुम्हाला नंतर काही सापडलं नाही, मिस्टर प्राइस. पुरावा क्ल्यूलोंच्या पायाखालीच जळून गेला होता. उरला फक्त वास, आणि तो कुणी खरा मानला नाही."

"पण मेण लावलं कुणी?" सिब्लीनं विचारलं. विचारताना त्यानं ह्यूबर्टकडे पाहिलं. कालची त्याची संशयी नजर सिब्ली विसरला नव्हता.

"ह्यूबर्टची गाडी ओलीत राहिली की तबकड्या नारिंगी होतात. शनिवारी सकाळी हॉब्लींनी ताडपत्री काढली तेव्हा डचेसच्याही तशाच होत्या. त्यानंतर तिला ढकलत नेलं, ब्रेक एकदाही लागला नाही. तरी फोटोत तबकड्या लखलखत आहेत. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तो गंज हातानं घासून काढला. द्वेषानं नाही. प्रेमानं. दुष्ट माणसानं तेल ओतलं असतं, घासत बसला नसता."

कुणी सर ऑब्रीकडे पाहत नव्हतं. मालक गाडी पुसताना तिकडे बघायचं नाही, हा रिवाज सगळ्यांच्या अंगात एवढा मुरला होता, की आत्ताही माना खाली गेल्या. विनिफ्रेडला रिवाज नव्हता. तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"आजवरच्या गाड्यांना झाकणं होती," ती हळूच म्हणाली. "तुमचे वडील ती पुसायचे. तुम्हीही पुसत आलात. या खेपेला झाकणं नव्हती. आऱ्यांच्या आड काहीतरी कळकट, तांबूस दिसलं. बरोबर?"

सर ऑब्री गाडीच्या दाराला धरून उभा होता. "मला वाटलं, चाकं धुवायची राहिली," तो म्हणाला. "लोकांसमोर मळकी गाडी कशी जाऊ द्यायची? बोटं आत घालून घासलं मी. चारही चाकं. छान निघालं." त्यानं हातांकडे पाहिलं. "चांगलं दोन-दोनदा लावलं मेण."

"फ्लॅनेलवर गंजाचे पट्टे आहेत. तुम्ही ते काचेत मांडून ठेवलंत. अपराधी माणूस असं करत नाही."

सर ऑब्रीनं गाडीचं दार सोडलं. मग त्यानं विचारलं, "तंबूबद्दल का विचारलंत काल?"

"कारण गाडी सरळ जाऊ दिली असती तर क्ल्यूलोंसमोर मोकळं मैदान होतं. पाय मोडला नसता. फक्त मध्ये तुमचा माणसांनी भरलेला तंबू होता. त्यांनी चाक शेताकडे वळवलं. मला हे त्यांनी सांगितलं नाही. फोटो पाहून कळलं."

सर ऑब्रीचा चेहरा पांढरा पडला. तो मेव्हिससमोर गेला आणि टोपी काढली. तो माफी मागू लागला. मेव्हिसच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, आणि शनिवारनंतर पहिल्यांदाच तिनं कोटाची बटणं सोडली.

"मला नका सांगू, सर ऑब्री," ती म्हणाली. "त्याला सांगा. भेटायची वेळ दुपारची असते."

इस्पितळात विनिफ्रेड आणि ह्यूबर्ट दाराशीच थांबले. सर ऑब्री ती तांबूस घडी हातात घेऊन पलंगापाशी उभा राहिला आणि त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं. बैठकीत हेच सांगणार, नोकरी आहे तशीच राहणार, डचेसही पुरी होणार. आणि हा रिवाज आजपासून बंद, असं म्हणून त्यानं घडी पलंगावर ठेवली.

रॉननं ती उचलून नाकाशी नेली आणि डोळे मिटून मोठा श्वास सोडला. आपलं डोकं ठिकाणावर आहे, याचा तो सुस्कारा होता.

"रिवाज बंद नका करू, साहेब," रॉन म्हणाला. "पोरांना आवडतो. तुम्हालाही. फक्त एक नवीन भर घाला. ज्यानं गाडी पुसली, त्यानं पहिल्या धावेला माझ्या शेजारी बसायचं."

सर ऑब्रीनं प्लास्टरमधल्या पायाकडे पाहिलं, मग रॉनकडे.

"बसेन," तो म्हणाला. "पण निघायच्या आधी एकदा ब्रेक दाबून बघू या का आपण?"